बंदुकीविषयीची भूमिका : उमेदवार काय बोलला आणि त्याने काय केले

१/ काही दिवसांपूर्वी टेक्सासहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. पंधरा वर्षांच्या वास्तव्यानंतर तिला अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले आहे आणि आता ती तिथले आयुष्यातील पहिले मत देणार आहे. तिची मुलगी तिसरीत आहे. वर्गातले दिवे मालवून, दाराला कडी घालून, भिंतीला टेकून निःशब्द बसण्याचा सराव त्या मुलीला पहिलीपासून ठाऊक आहे. शेजारचे आजोबा शिकारीचे शौकीन. त्यांच्या घरी बंदुका आहेत, आणि ताईची मुलगी आजारी पडली तर सर्वांत आधी गाडी काढतात तेही तेच.

२/ ताईचा प्रश्न साधा होता. "दोन्ही उमेदवार म्हणतात, मुले सुरक्षित राहिली पाहिजेत. दोन्ही म्हणतात, आम्ही राज्यघटनेचा मान राखू. मग त्यांच्यात फरक करायचा कसा? तू इतिहास शिकतोस ना, मग सांग." कोणाला मत द्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही, आणि ते मी सांगितलेही नाही. मात्र हा प्रश्न तिच्याआधी लाखो मतदारांना पडला होता आणि त्यांच्या उत्तरांचे परिणाम आज आपल्यासमोर नोंदलेले आहेत. आजचा धागा त्या नोंदींविषयी.

३/ आधी पार्श्वभूमी. अमेरिकी राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ मध्ये अमलात आली. ती एकाच वाक्याची आहे. त्या वाक्याच्या पूर्वार्धात सुव्यवस्थित नागरी सेनेचा उल्लेख आहे, तर उत्तरार्धात शस्त्र बाळगण्याच्या जनतेच्या हक्काचा. हा हक्क नागरी सेनेपुरता आहे की प्रत्येक व्यक्तीचा, हा वाद पुढे दोन शतके चालला. २००८ साली 'डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निर्णय दिला : हक्क व्यक्तीचा आहे, परंतु तो अमर्याद नाही. म्हणूनच प्रत्येक निवडणुकीत खरा प्रश्न 'हक्क आहे की नाही' एवढाच नसतो. मर्यादा कोणती, ती कोण घालणार आणि कोणत्या शस्त्रावर, हे प्रश्न त्याहून मोठे ठरतात.

४/ या वादातील सर्वांत परिचित संस्था म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन, अर्थात एनआरए. तिची स्थापना १८७१ ची. यादवी युद्धात सैनिकांची नेमबाजी किती कच्ची आहे हे दिसून आले होते, ती सुधारावी हा मूळ हेतू. तिचे आजचे राजकीय रूप पुष्कळ उशिरा घडले. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानंतर संस्थेत दोन मतप्रवाह तयार झाले. १९७७ साली सिनसिनाटी येथील वार्षिक सभेत कडव्या गटाने जुन्या नेतृत्वाला पायउतार केले आणि शिकार व नेमबाजी यांच्या जोडीला राजकारण हे संस्थेचे मुख्य कार्य झाले.

५/ पुढे उमेदवारांना शाळेतल्यासारख्या श्रेणी देण्याची तिची पद्धत प्रसिद्ध झाली : 'ए' पासून 'एफ' पर्यंत. यातील एक बारकावा मला फार बोलका वाटतो. ज्याने कायदेमंडळात कधी मत दिलेलेच नाही आणि ज्याची श्रेणी केवळ प्रश्नावलीच्या उत्तरांवरून ठरली आहे, अशा अनुकूल उमेदवाराला 'ए' ऐवजी 'एक्यू' अशी खूण मिळते. म्हणजे बोलणे आणि मत देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे श्रेणी देणाऱ्या संस्थेनेही मान्य केले आहे. आपला धागा इथूनच सुरू होतो.

६/ पहिली नोंद : रोनाल्ड रेगन. मे १९६७ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाचे सदस्य भरलेल्या बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले. भरलेले शस्त्र सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यास मनाई करणारे विधेयक तिथे विचाराधीन होते, त्याचा निषेध करण्यासाठी ते आले होते. त्याच वर्षी ते विधेयक मंजूर झाले. त्यावर सही करणारे रिपब्लिकन गव्हर्नर होते रेगन. तेरा वर्षांनी, १९८० मध्ये, एनआरएने आपल्या इतिहासात प्रथमच अध्यक्षपदाच्या उमेदवाराला जाहीर पाठिंबा दिला. तो उमेदवारही रेगनच.

७/ पुढचा क्रम असा. ३० मार्च १९८१ रोजी रेगन यांच्यावर गोळीबार झाला. ते बचावले, मात्र त्यांचे वृत्तसचिव जेम्स ब्रॅडी यांच्या डोक्यात गोळी शिरली आणि ते कायमचे अपंग झाले. १९८६ साली रेगन यांनी बंदूकमालकांवरील अनेक संघीय निर्बंध सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली. त्याच कायद्यात नागरिकांसाठी नव्या मशिनगनवर बंदीही होती. निवृत्तीनंतर, १९९१ मध्ये, त्यांनी हँडगन खरेदीपूर्वी प्रतीक्षाकाल ठेवणाऱ्या ब्रॅडी विधेयकाला जाहीर पाठिंबा दिला. १९९४ मध्ये फोर्ड आणि कार्टर या माजी अध्यक्षांसह त्यांनी लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित शस्त्रांवरील बंदीची शिफारस केली.

८/ आता सांगा, रेगन बंदुकांच्या बाजूचे की विरुद्ध? प्रश्नच चुकीचा आहे. १९६७ चे, १९८६ चे आणि १९९४ चे रेगन वेगवेगळ्या पदांवर, वेगवेगळ्या लोकांच्या दबावाखाली आणि वेगवेगळ्या अनुभवांनंतर बोलत होते. १९६७ मध्ये बंदूक कोणाच्या हाती दिसत होती, हाही त्या इतिहासाचा अविभाज्य भाग आहे. नोंदीला तारीख नसेल तर ती अर्धीच. उमेदवाराची भूमिका लिहून घ्यायची तर तिच्यापुढे साल लिहावे आणि त्या वेळी तो कोणत्या खुर्चीवर होता हेही लिहावे.

९/ दुसरी नोंद : व्हरमाँट. लहानसे डोंगराळ राज्य, शिकारीची जुनी परंपरा, त्या काळी बंदुकांवर अत्यल्प निर्बंध आणि संघीय प्रतिनिधिगृहात फक्त एक जागा. १९८८ मध्ये त्या जागेसाठी रिपब्लिकन पीटर स्मिथ आणि अपक्ष बर्नी सँडर्स यांच्यात चुरस झाली. स्मिथ हे बंदूक नियंत्रणाच्या विरोधात असल्याचे मतदार समजून होते. लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदी असावी, असे म्हणणारे सँडर्सच होते. स्मिथ निवडून आले.

१०/ जानेवारी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे प्राथमिक शाळेच्या मैदानावर गोळीबार होऊन पाच मुले मृत्युमुखी पडली. त्या वर्षी स्मिथ यांनी आपली भूमिका बदलली आणि काही अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी आणू पाहणाऱ्या विधेयकाला आपले नाव जोडले. एनआरएच्या दृष्टीने हा विश्वासघात होता. १९९० च्या निवडणुकीत तिने स्मिथ यांना पाडण्यासाठी कंबर कसली. सँडर्स सुमारे ५६ टक्के मते मिळवून निवडून आले, स्मिथ यांना सुमारे ४० टक्के मिळाली.

११/ इथे थोडे थांबावे. स्मिथ यांच्या पराभवामागे एकच कारण होते असे म्हणता येणार नाही. आर्थिक प्रश्न होते, त्यांचे स्वपक्षाच्या अध्यक्षांशी उडालेले खटकेही होते. तरीही बंदुकीच्या मुद्द्यावर ज्या मतदाराने स्मिथ यांच्याविरुद्ध मत दिले, त्याच्या हाती काय लागले हे पाहण्यासारखे आहे. सँडर्स यांनी ब्रॅडी विधेयकातील प्रतीक्षाकालाला विरोध केला होता आणि निवडून आल्यावर त्यांनी त्या विधेयकाविरुद्धच मते दिली. या मुद्द्यावर मतदाराची अपेक्षा पूर्ण झाली.

१२/ परंतु मे १९९४ मध्ये प्रतिनिधिगृहात लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित शस्त्रांवरील बंदी मतास आली. ती २१६ विरुद्ध २१४ अशा अवघ्या दोन मतांच्या फरकाने संमत झाली. बंदीच्या बाजूने पडलेल्या मतांत सँडर्स यांचे मत होते. ज्या बंदीला पाठिंबा दिल्याबद्दल स्मिथ यांना धडा शिकवला गेला, त्याच बंदीला त्यांच्या जागी बसलेल्या माणसाने मत दिले. सँडर्स यांनी कोणाला फसवले नव्हते. त्यांचे म्हणणे १९८८ पासून उघड होते. अनेकांनी ते वाचलेच नव्हते, कारण त्यांचे सारे लक्ष स्मिथ यांना पाडण्यावर खिळले होते.

१३/ याचा शेवटही लक्षात घ्यावा. २००५ मध्ये बंदूक उत्पादक आणि विक्रेते यांना बहुतांश नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याला सँडर्स यांनी मत दिले. २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी लढताना हिलरी क्लिंटन यांनी हीच जुनी मते त्यांच्यासमोर मांडली. एकाच माणसाच्या खात्यात प्रतीक्षाकालाविरुद्ध मत, शस्त्रबंदीच्या बाजूने मत आणि उत्पादकांच्या संरक्षणाला मत. 'बंदुकांविषयी त्यांची भूमिका' असे एकवचनी काही नाही. विधेयकागणिक भूमिका असते.

१४/ तिसरी नोंद : खुद्द टेक्सास. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी किलीन येथील एका उपाहारगृहात गोळीबार होऊन २३ जणांचा बळी गेला. सुझॅना हप यांचे आई-वडील त्यात डोळ्यांदेखत मारले गेले. त्या वेळच्या कायद्यामुळे आपले पिस्तूल गाडीतच ठेवावे लागले, ते जवळ असते तर काही करता आले असते, अशी साक्ष त्या पुढे अनेक ठिकाणी देत राहिल्या. शाळेतल्या मुलांचा विचार करणारी आई आणि गाडीत राहिलेल्या पिस्तुलाचा विचार करणारी लेक, दोघींचे दुःख खरे आहे. या वादात एक बाजू हळवी आणि दुसरी निष्ठुर असे समजणाऱ्याला त्याचा इतिहास कळणार नाही.

१५/ १९९३ मध्ये टेक्सासच्या कायदेमंडळाने लपवून शस्त्र बाळगण्याच्या परवान्यावर जनमत घेण्याचे विधेयक संमत केले. डेमोक्रॅटिक गव्हर्नर अ‍ॅन रिचर्ड्स यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. १९९४ मध्ये त्यांच्यासमोर उभे राहिलेले जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सांगितले की असा कायदा आला तर मी सही करीन. इथे दोघांतील फरक काचेसारखा स्वच्छ होता.

१६/ गंमत अशी की प्रचारातील छायाचित्रे पाहिली असती तर हा फरक दिसलाच नसता. रिचर्ड्स स्वतः शिकारीला जात असत. १ सप्टेंबर १९९४ रोजी, पारव्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला त्या दिवशी, दोन्ही उमेदवार बंदूक घेऊन रानात उतरले. बुश यांनी पारवा समजून संरक्षित टिटवीच्या जातीचा पक्षी टिपला. त्यांनी चूक कबूल केली आणि १३० डॉलर दंड भरला. हातातल्या बंदुकीवरून उमेदवाराची भूमिका कळत नाही, हे त्या दिवशी टेक्सासने पाहिले. नोव्हेंबरमध्ये बुश जिंकले आणि १९९५ मध्ये त्यांनी परवान्याच्या कायद्यावर सही केली. शब्द दिला आणि पाळला.

१७/ चौथी नोंद त्याच बुश यांची आहे आणि ती अधिक सूक्ष्म आहे. १९९४ ची संघीय शस्त्रबंदी दहा वर्षांसाठीच होती. १३ सप्टेंबर २००४ रोजी ती आपोआप संपणार होती. २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत बुश यांची भूमिका अशी होती की काँग्रेसने मुदतवाढ संमत केली तर मी सही करीन. प्रतिस्पर्धी अल गोर नियंत्रणाच्या बाजूचे. १९९९ मध्ये बंदूक मेळाव्यांतील विक्रीवर तपासणी लागू करण्याच्या दुरुस्तीवर सिनेटमध्ये समसमान मते पडली, तेव्हा उपाध्यक्ष या नात्याने निर्णायक मत त्यांनीच दिले होते. कागदावर मात्र १९९४ च्या बंदीपुरते दोघेही 'बाजूने' होते.

१८/ मग काय झाले? मार्च २००४ मध्ये सिनेटने मुदतवाढीची दुरुस्ती ५२ विरुद्ध ४७ मतांनी स्वीकारली, पण ती ज्या विधेयकाला जोडली होती ते विधेयकच ९० विरुद्ध ८ मतांनी फेटाळले गेले. मुदतवाढ अध्यक्षांच्या टेबलावर कधी पोहोचलीच नाही. बुश यांनी दिलेले वचन मोडले असे म्हणता येत नाही, कारण सही करण्याची वेळच आली नाही. बंदी ठरल्या दिवशी संपली.

१९/ 'आले तर सही करीन' आणि 'मी ते आणीन' या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे, हे २००४ ने दाखवले. बंदी नको असलेल्या मतदाराला पहिले वाक्य पुरेसे होते, बंदी हवी असलेल्याला ते पुरेसे नव्हते. म्हणून उमेदवाराचे वाक्य वाचताना क्रियापद तपासावे. तो करणार आहे, की कोणी केले तर हरकत घेणार नाही? इतिहासाच्या साधनांची चिकित्सा करताना आम्हाला हेच शिकवतात : वाक्याचा कर्ता कोण आहे ते आधी पाहा.

२०/ शेवटची नोंद ताईच्या अगदी जवळची. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युवाल्डी येथील प्राथमिक शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. त्यानंतर सिनेटमध्ये दोन्ही पक्षांच्या वाटाघाटी सुरू झाल्या. रिपब्लिकन बाजूने मुख्य वाटाघाटी करणारे होते टेक्सासचेच सिनेटर जॉन कॉर्निन, ज्यांची एनआरएच्या लेखी श्रेणी उत्तम होती. २१ वर्षांखालील खरेदीदारांची अधिक कसून तपासणी, राज्यांच्या संकटकालीन उपाययोजनांना निधी, मानसिक आरोग्य आणि शालेय सुरक्षेसाठी तरतूद असे त्या विधेयकाचे स्वरूप होते. सिनेटने ते ६५ विरुद्ध ३३ मतांनी संमत केले. जूनमध्ये टेक्सासमधील स्वपक्षाच्याच अधिवेशनात कॉर्निन यांची हुर्यो उडवली गेली.

२१/ २५ जून २०२२ रोजी त्या विधेयकावर अध्यक्ष बायडन यांची सही झाली. त्याच्या दोनच दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कची शस्त्रपरवान्याची जुनी अट रद्द केली होती. एकाच आठवड्यात संसदेने एक पाऊल एका दिशेने टाकले आणि न्यायालयाने दुसऱ्या. म्हणून सिनेटचा उमेदवार तपासताना केवळ त्याची विधेयकांवरील मते पाहून भागत नाही. न्यायाधीशांच्या नियुक्तीला संमती देणारी सभाही तीच आहे.

२२/ आणि पद कोणते, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. शस्त्र जवळ बाळगण्यास परवाना लागावा की नाही, हे मुख्यत्वे राज्ये ठरवतात. बहुतांश पात्र प्रौढांना परवान्याविना पिस्तूल बाळगण्याची मुभा देणारा टेक्सासचा कायदा २०२१ चा, राज्याच्या कायदेमंडळाने केलेला आणि गव्हर्नरांनी सही केलेला. खरेदीपूर्वीची संघीय तपासणी मात्र वॉशिंग्टनच्या अखत्यारीत येते. राज्याच्या कायदेमंडळाचा उमेदवार संघीय बंदीविषयी कितीही आवेशाने बोलला तरी त्यावर त्याला मत देता येणार नाही. जे त्याच्या हाती आहे त्याविषयी तो काय म्हणतो, हे मतदाराच्या उपयोगाचे.

२३/ ताईला मी एक साधा तक्ता पाठवला. पाच रकाने : पद कोणते आणि त्याच्या हाती काय आहे? कोणत्या विधेयकावर त्याने कसे मत दिले किंवा सही केली? बोलणे बदलले असेल तर कोणत्या साली आणि कशानंतर? 'करीन' म्हणतो की 'आले तर सही करीन'? श्रेणी किंवा पाठिंबा देणारी संस्था कोणती आणि तिला काय हवे आहे? शेवटचा रकाना एनआरएला लागू होतो तसाच नियंत्रणाची मागणी करणाऱ्या संस्थांनाही लागू होतो. श्रेणी देणाऱ्या संस्थेचा हेतू त्या संस्थेचा असतो. आपला हेतू आपणच ठरवायचा.

२४/ चार दिवसांनी तिने तक्त्याचे छायाचित्र पाठवले. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलेली मुलीची रेघांची वही, त्यात दोन नावे आणि बारीक अक्षरात भरलेले रकाने. एका नावापुढे दुसरा रकाना पूर्ण भरला होता. दुसऱ्या नावापुढे तो कोरा होता, कारण त्या उमेदवाराने अजून कुठलेही पद भूषवलेले नाही. तिथे तिने स्वतःच्या मनाने लिहिले होते : 'फक्त बोलला आहे.' शेजारच्या आजोबांनाही हा तक्ता दाखवला, असे ती म्हणाली. दोघांनी मिळून दोन रकाने दुरुस्त केले म्हणे.

२५/ त्या दोघांची मते एकाच नावाला जाणार की वेगवेगळ्या, ते मला ठाऊक नाही. मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. व्हरमाँटच्या १९९० मधील अनेक मतदारांकडे राग होता, तक्ता नव्हता. राग लोकशाहीत निषिद्ध नाही. फक्त रागाने दिलेले मतही मोजले जाते आणि पुढे कधीतरी २१६ विरुद्ध २१४ अशा मतमोजणीत ते कोणत्या तरी बाजूला जाऊन बसते. ते कोणत्या बाजूला बसेल, हे आधी वाचून ठेवलेले बरे.

धागा समाप्त.